वा-रु-दा

मी नववीत असताना वर्ध्याच्या गोल बाजारात एक चिनी मुलगी भाजी घ्यायला यायची. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात ती हिंदी शिकत होती. टेकडीवरच्या त्या विद्यापीठामुळे वर्ध्याला परदेशी चेहऱ्याचं नवल नाही. तिची हिंदी मात्र नवलाची होती. "कृपया थोड़ा धनिया दीजिए," असं ती एकेक शब्द सुटा करून म्हणायची. भाजीवाली मावशी विचारायची, "सांबार पाहिजे का?" कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. त्या मुलीला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं. ती मान हलवून नको म्हणायची आणि तशीच उभी राहायची. एकदा आईनंच जुडी उचलून तिच्या पिशवीत टाकली.

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये ओसाकाजवळच्या एका बाजारात मी तिच्या जागी उभी होते. भाव विचारायचा तर 'इकुरा', हे मी जपानीच्या पहिल्या आठवड्यात पाठ केलं होतं. इथं लोक 'नान्बो' म्हणत होते. आभार मानायला 'आरिगातो' नव्हे, 'ओओकिनी'. जमणार नाही याला 'दामे' नव्हे, 'आकान'. मुळ्याचे पैसे देऊन मी बाहेर आले तेव्हा ती मुलगी मला फार आठवली. तिचं नाव कधी विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

मी पुण्यात जपानी भाषेची पदवी करत होते. जपान सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. आपल्या देशात जपानी भाषा आणि संस्कृती शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना वर्षभर तिकडच्या विद्यापीठात बोलावतात. जायचं-यायचं तिकीट आणि तेव्हा दरमहा १ लाख १७ हजार येन. बाबा वर्धा डेपोत कंडक्टर. या शिष्यवृत्तीशिवाय माझ्यासाठी दुसरा रस्ता नव्हता. मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासात परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि ओसाका विद्यापीठाचा मिनो परिसर मिळाला. मूळची १९२१ची परकीय भाषांची शाळा २००७ साली ओसाका विद्यापीठात विलीन झाली, त्याच शाळेचा हा तेव्हाचा परिसर. ओसाका विद्यापीठात आजही हिंदी आणि उर्दू शिकवतात. माझ्या वर्गातल्या जपानी मुली मला प्रेमचंदांबद्दल विचारायच्या, आणि मी कधी कधी निरुत्तर व्हायचे.

ओसाकाच्या बोलीनं मला काय दिलं ते आधी सांगते. पुण्यात पहिल्या वर्षी होस्टेलवर माझ्या बोलण्याची नक्कल व्हायची. 'काय करून राहिली?' म्हटलं की मागून कुणीतरी तेच लांबवून म्हणायचं. तीन महिन्यांत मी 'मले', 'तुले' तोंडातून काढून टाकलं. घरचा फोन आला की जिन्याखाली जाऊन बोलायचे. कुठली म्हणून विचारलं तर नागपूर सांगायचे. आणि इथं ओसाकात बसचालकापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे आपापल्या बोलीत खुशाल बोलत होते. टोकियोची भाषा येत नाही म्हणून नव्हे, ही आपली म्हणून. नोव्हेंबरमध्ये एका रात्री आजीचा फोन आला. "थंडी पडली का वं तिकडं? जेवली का?" वसतिगृहाच्या भर कॉरिडॉरमध्ये उभी राहून मी म्हटलं, "हौ, जेवून राहिली." मोठ्यानं म्हटलं.

आजी सेवाग्रामची. आश्रमाच्या हाकेच्या अंतरावर घर. संध्याकाळची प्रार्थना ती सहसा चुकवत नाही. लहानपणी मी तिच्या पदराला धरून जायचे. गांधीजींनी लावलेला पिंपळ, खडीचं मैदान, त्यावर सतरंज्या. प्रार्थनेच्या सुरुवातीला एक ओळ यायची, नम्यो हो रेंगे क्यो. ती कुठल्या भाषेतली, हे आम्हा पोरांपैकी कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. ईशावास्याच्या आधी ती येते, एवढंच ठाऊक. गीताई मंदिराशेजारच्या विश्वशांती स्तूपावर शाळेची सहल जायची तेव्हा जपानी भिक्खू हातातल्या गोल चामड्यावर काठी मारत हेच म्हणत असत. आजी त्याला 'पंख्यासारखा डफ' म्हणायची.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. रात्री आठनंतर सुपरमार्केटमध्ये तयार जेवणाच्या डब्यांवर निम्म्या किमतीचे पिवळे स्टिकर लावतात. आम्ही विद्यार्थी त्या वेळेची वाट बघत असायचो. असे दोन डबे घेऊन मी चढावर परतत होते. कानात बोचणारं वारं. खालच्या गल्लीतून ठोका ऐकू आला. टण्, टण्, टण्. मग माणसं दिसली, सात-आठ जण, पांढऱ्या कपड्यांतले, बहुतेक म्हातारे. प्रत्येकाच्या हातात आजीचा पंख्यासारखा डफ. आणि तीच ओळ. ती माणसं माझ्याजवळून गेली तेव्हा माझे ओठ आपोआप हलायला लागले होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीनं म्हणावं तर थंडीनं नव्हतं.

शेवटच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. सत्तरीच्या असाव्यात. "तुला येतं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आमच्या गावात रोज संध्याकाळी म्हणतात." त्यांना वाटलं माझ्या जपानीत चूक झाली. मी पुन्हा सांगितलं. भारतात, महाराष्ट्रात, वर्धा नावाच्या जिल्ह्यात. त्यांनी डफ काखेत धरला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. मी त्यांना ओबासान म्हणू लागले. कडाक्याच्या थंडीत निचिरेन पंथाची माणसं अशी डफ वाजवत फिरतात, त्याला 'कांग्यो' म्हणतात आणि त्या डफाला 'उचिवा-दाइको', हे त्यांनीच सांगितलं. उचिवा म्हणजे हातपंखा. आजीनं ठेवलेलं नाव बरोबर तेच होतं.

वर्षअखेरीला आम्हाला जपानीत एक प्रबंध द्यायचा होता. मी जपानी जाहिरातींची भाषा हा विषय घेतला होता. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक सरांकडे जाऊन तो बदलला.

मग ग्रंथालयातले महिने. ती ओळ म्हणजे सद्धर्मपुंडरीक सूत्राला केलेला नमस्कार. संस्कृतातलं हे सूत्र कुमारजीवानं इ.स. ४०६ मध्ये चिनीत नेलं. तो मध्य आशियातल्या कुचाचा, वडील भारतीय. मिओ-हो म्हणजे सद्धर्म, रेन-गे म्हणजे कमळाचं फूल, क्यो म्हणजे सूत्र. पहिल्या दोन अक्षरांपाशी मी अडले. शब्दकोशात पहिल्याचा अर्थ 'दक्षिण', दुसऱ्याचा 'नाही'. दक्षिण नाही कमळाचं सूत्र? मी एक दुपारभर वहीत काय काय मांडून पाहिलं. सर हसले आणि म्हणाले, मोठ्यानं वाच. न-मु. नमः! त्या शब्दाचं भाषांतर कुणी केलंच नव्हतं. नुसता आवाज उचलून जवळच्या दोन अक्षरांत ठेवला होता. तेराव्या शतकात निचिरेन या भिक्षूनं हा जप जपानमध्ये रुजवला आणि त्याच परंपरेतले निचिदात्सु फुजी तो घेऊन ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. आमच्याच नमस्काराला घरी परतायला दीड हजार वर्षं लागली होती.

फुजी गुरुजींचं आत्मचरित्र तिथं मिळालं. जुन्या वळणाची अक्षरं, पानाला अर्धा तास लागायचा. एका दुपारी एका ओळीत तीन साधी अक्षरं दिसली. वा-रु-दा. परकी नावं लिहायच्या कोनदार काताकाना लिपीत. जपानीत जोडाक्षर नाही, म्हणून 'र्ध'चे दोन तुकडे झालेले. मी ते नाव बोटाखाली धरून बराच वेळ बसले. पुण्यात ज्याच्याऐवजी मी नागपूर सांगत होते, ते हे गाव.

हे सगळं मी रात्री स्वयंपाकघरात माझ्या चिनी मैत्रिणीला सांगत होते. माझं वरण उकळत होतं, ती नूडल्स करत होती. ती हबेई प्रांतातली. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याच वर्षांत जपानी फौजा माझ्या पणजीच्या गावात होत्या." आणि थोड्या वेळानं, "तू के दिहुआच्या देशातली ना?" सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी हल्ल्यात जखमी झालेल्यांवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथंच वारले. तिच्या शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डफाच्या आवाजानं मी इतकी भारावले होते की बाकी काही ऐकूच येत नव्हतं. मी पुन्हा वाचायला बसले. सेवाग्राम आश्रमात एक जपानी भिक्षू राहत होता, कष्टाळू आणि सगळ्यांना हवाहवासा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि पोलिसांनी त्याला नेलं. जुलै १९४२ मध्ये 'हरिजन'मध्ये गांधीजींनी जपानी लोकांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. त्यात चीनवरच्या आक्रमणाचा स्पष्ट शब्दांत निषेध आहे. आणि त्याच पत्रात त्या भिक्षूची आठवणही आहे. तो आपली प्रार्थना आणि छोटा डफ मागे ठेवून गेला आणि आमच्या दोन्ही वेळच्या प्रार्थनांची सुरुवात त्यानंच होते, असं ते सांगतात. ज्या देशाचा निषेध करायचा त्याच देशातल्या माणसाचा नमस्कार रोज दोनदा म्हणायचा, यात त्यांना विसंगती वाटली नाही. माझ्या प्रबंधाचा मधला भाग मी या पत्रावर लिहिला. तो आधी मैत्रिणीला वाचायला दिला, सरांना नंतर. तिनं दोन ठिकाणी वाक्यं कडक करायला सांगितली. मी केली.

मला वाटतं, आशिया शिकणं म्हणतात ते त्या स्वयंपाकघरात सुरू झालं. आपल्याकडे या वाटेनं गेलेली मोठी माणसं आहेत. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्म शिकायला १९०२ साली श्रीलंकेला गेले, पुढे ब्रह्मदेश, हार्वर्ड, लेनिनग्राड, आणि जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला तो सेवाग्रामला. हे मला सेवाग्रामला असताना कुणी सांगितलं नव्हतं. शाळेनं सांगायला हवं होतं.

मार्चच्या सुट्टीत कुमामोतोला जाऊन आले. फुजी गुरुजी त्याच भागातले आणि त्यांचा पहिला शांतिस्तूप १९५४ साली तिथल्या हानाओकायामा टेकडीवर उभा राहिला. पांढराशुभ्र घुमट, गीताई मंदिराजवळच्या स्तूपाचा थोरला भाऊ. समोर २०१६च्या भूकंपानं मोडलेला किल्ला पराती बांधून उभा होता.

भूकंप काय असतो ते मला १८ जूनला कळलं. सकाळी आठला दोन मिनिटं कमी होती. आधी एक धक्का खालून, मग पलंग आडवा सरकला, फळीवरची पुस्तकं अंगावर आली. आईला फोन लागेपर्यंत वर्ध्यात टीव्हीवर बातमी पोचली होती. मोनोरेल बंद पडली. मी चालत ओबासानकडे गेले. त्या एकट्या राहायच्या. दार उघडंच होतं आणि त्या तातामीच्या चटईवर बसून फुटलेल्या कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. देवघर कलंडलं होतं. आतली उभी गुंडाळी बाहेर येऊन जमिनीवर उलगडून पडली होती. त्याच ओळीची सात अक्षरं, एकाखाली एक. रेघांची टोकं मिशांसारखी लांब बाहेर काढलेली. मी गुडघ्यांवर बसून ती वरून खाली वाचली. आम्ही दोघींनी देवघर सरळ केलं, गुंडाळी टांगली, पाणी ठेवलं. घरून आणलेली सूतमाळ माझ्याकडे होती. वर्ध्याला पाहुण्याचं स्वागत तिनंच करतात. ती मी त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी ती काढून गुंडाळीच्या खिळ्याला अडकवली. निघताना त्यांनी तीच सात अक्षरं छापलेला एक कागद मला दिला.

ऑगस्टअखेर परतले. दुसऱ्याच दिवशी आजीबरोबर प्रार्थनेला गेले. पाऊस नुकता थांबला होता, पिंपळाच्या पानांवरून पाणी गळत होतं. घरी आल्यावर आजीला तो कागद दाखवला. तिनं चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"हे काय म्हणते?"

"दक्षिण."

"आन् हे?"

"नाही."

"दक्षिण नाई?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं समजावून सांगितलं. नमः, कमळ, कुमारजीव. ती 'हौ, हौ' म्हणत बोट खाली खाली नेत होती. मग पुन्हा वर आली आणि चौथ्या अक्षरावर थांबली.

"सगळ्यायले मिशा हायेत. याले कायले नाई?"

मी कागद हातात घेतला. खरंच होतं. सहा अक्षरांच्या रेघा लांबवर गेलेल्या, हे एकच आपल्या जागेत बसलेलं. मी दोन महिने तो कागद पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

"काय हाये ते?" आजीनं विचारलं.

"धर्म," मी म्हटलं.

तिनं त्या अक्षरावरून एकदा अंगठा फिरवला आणि कागद घडी न करता देव्हाऱ्यात उभा करून ठेवला.