सी ड्राइव्हवर राहिलेले

भोपाळच्या करोंदला धान्याची मंडी आहे. सीपीयूचं झाकण काढलं की आत गव्हाचा भुसा निघतो. दुकानातला पोरगा ब्लोअर मारतो, रॅमची पट्टी काढून तिच्या पिवळ्या दातांवर शाळेतलं खोडरबर घासतो आणि फुंकर मारून परत खाचेत दाबतो. एवढ्या औषधावर आमचं यंत्र पुष्कळ चाललं. यंदा त्यानं मान हलवली. ‘अंकल, इसमें नई विंडो नहीं पड़ेगी.’

खरंच पडत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमच्याकडे होतं विंडोज ७, ज्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच सुटला होता. म्हणजे मदरबोर्डच नवा. मेट्रोची ऑरेंज लाइन एम्सपासून करोंदपर्यंत यायची आहे. तोवर सीपीयूची ने-आण स्कूटरच्या पायदानावर.

गेलं ते असं.

मागची दोन गोल भोकं: जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं. अंधारात चाचपडत खुपसलं की पिना वाकायच्या.

सीडीचा ट्रे. अडकला की बारीक छिद्रात टाचणी घालायची. लग्नाच्या सीड्या आहेत, ट्रे नाही.

आईचा सॉलिटेअर. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो जुना खेळ आणि माइनस्वीपर सोबत येईनासे झाले. आता जो मिळतो त्यात डावाडावांत जाहिरात बघायची. आईनं पत्त्यांचा खरा जोड काढला.

वर्डपॅड, २०२४ च्या आवृत्तीपासून. कुणी रडलं नाही.

कुंडलीचा जुना प्रोग्रॅम. तो १६ बिटांचा, ३२ बिटांच्या विंडोजवर कसाबसा चालायचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येतं, तिथं त्याला दारच नाही. पत्रिका तशाही कुणी मागत नव्हतं.

आणि कृतिदेव.

भोपाळच्या टायपिंग क्लासात हिंदी शिकवायचे ते रेमिंग्टनच्या कळांवर, कृतिदेव फॉण्टमध्ये. बाबा तिथंच शिकले आणि घराण्याचा कुळवृत्तान्तही त्यांनी त्यातच टंकला. मजकूर मराठी, फॉण्ट हिंदीचा. फाइल डी ड्राइव्हवर होती, ती वाचली. फॉण्ट मात्र सी ड्राइव्हवर, विंडोजच्या पोटात असतो आणि नवी विंडो टाकताना सी पुसला जातो. फाइल उघडली तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरांची. ‘करोंद’ होतं तिथं डी, जे, के, एस, ए, एन. कारण फाइलमध्ये देवनागरी कधी नव्हतीच. साठवली जात होती इंग्रजी अक्षरं, फॉण्ट त्यांना मराठी मुखवटे चढवत होता. डी म्हणजे क, जे म्हणजे र. पणजोबांची सगळी भावकी त्या मुखवट्यांच्या भरवशावर होती.

मंगलचं तसं झालं नाही, पण तोही बाजूला झाला आहे. हा फॉण्ट र. कृ. जोशी यांचा. सुलेखनकार, कवी, आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रातले अध्यापक. २००८ मध्ये गेले. विंडोज २००० पासून मंगल देशभरच्या पडद्यांवर होता. एक्सपीमध्ये मात्र तो आयता मिळत नसे: कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अवघड लिप्यांच्या चौकोनात खूण करायची, मग यंत्र मूळ सीडी मागायचं आणि सीडी कुणाकडेच नसायची. विंडोज ८ पासून देवनागरीचं काम निर्मला या फॉण्टकडे गेलं. विंडोज १० पासून मंगल ऐच्छिक फॉण्टांच्या गाठोड्यात आहे, हवा तर मागून घ्यायचा. मला तो तसा कधीच आवडला नाही, मात्रा आखडलेल्या वाटायच्या. तरी सरकारी पत्र, वीजबिलाची तक्रार, मंडळाच्या गणपतीची पत्रिका, सगळ्यांचा चेहरा तोच होता. मंगलमध्ये लिहिलेली फाइल आज निर्मलात उघडते, वळण बदलतं, अक्षर वाचता येतं. यूनिकोडमध्ये क हा क म्हणूनच साठवलेला असतो, फॉण्ट कुठलाही असो.

कृतिदेव दुकानातल्या पोराकडेच मिळाला, पेनड्राइव्हवर. भोपाळच्या दुकानांत तो अजून मागितला जातो. कुळवृत्तान्त वाचता आला.

तुमचा सीपीयू दुकानात जाणार असेल तर आधी फॉण्टच्या फोल्डरमधून कृतिदेव, शिवाजी, जे काही असेल ते त्या फाइलींच्या शेजारी काढून ठेवा. मग सवडीनं मजकूर यूनिकोडमध्ये करून घ्या, कन्व्हर्टर फुकट मिळतात. ते बहुधा हिंदीच्या हिशेबानं बनवलेले असतात, तेव्हा ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ आपल्या डोळ्यांनी तपासा.