राब भाजायचा की नाही

मुळशीवर कथा लिहायची म्हटलं की आधी सत्याग्रहच आठवतो. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. निळा आणि मुळा या नद्यांवर टाटांच्या धरणाचं काम चालू होतं आणि मावळातली माणसं थेट कामाच्या जागी जाऊन बसली. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची सजा पत्करली. एवढं सगळं हाताशी असताना कथेला आणखी काय हवं, असं कुणालाही वाटेल.

हवं असतं एक माणूस, आणि त्याला टाळता न येणारा एक निर्णय.

तो मला सापडला एका रुक्ष वाटणाऱ्या तपशिलात. लढ्यात स्वतः उतरलेल्या विनायकराव भुस्कुट्यांनी मुळशी सत्याग्रहावर लिहून ठेवलं आहे. राजेंद्र व्होरांनी पुढे त्याचा सविस्तर अभ्यास केला. जमीन कसणारी कुळं वेगळी होती आणि ती ज्यांच्या नावावर होती ते सावकार वेगळे, बरेचसे पुण्यात राहणारे. सावकाराला मोबदल्याचा दर महत्त्वाचा, कुळाला खाचर. लढा खचला त्यात या दुहीचा मोठा वाटा होता. इतिहासकार हे कारण नोंदवून पुढे जाईल, कथाकाराला मात्र इथेच थांबावं लागतं.

आता महिना पाहू. रामनवमी चैत्रातली, आणि मावळात राब भाजायचे दिवसही तेच, चैत्र-वैशाखाचे. शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळ जमिनीवर अंथरायचे, वर माती पसरायची, पेटवायचं. पावसाच्या तोंडाला त्या जागेत भाताचं बी पडतं आणि आषाढात रोप उपटून खाचरात लावतात. तर समजा, सावकारानं मोबदला घेतलाय, पलीकडे धरणाची भिंत चढतेय आणि चैत्र संपत आलाय. त्याच्या कुळानं यंदाचा राब भाजायचा की नाही? भाजला तर बुडणाऱ्या रानात वर्षाचं बियाणं टाकायचं. नाही भाजला तर जमीन आपण सोडली, हे आपल्याच हातानं कबूल करायचं.

हा प्रश्न हाती आला की बाकीचा आराखडा त्याच्या मागे येतो, हा माझा अनुभव आहे. कथेचा काळ एकच दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. सेनापती बापट कथेत दिसणार नाहीत, याबद्दल मी ठाम आहे. ते आले की वाचक त्यांच्याकडेच बघत राहणार आणि कूळ गर्दीत हरवणार. कायदा घरात येईल तो फक्त एका कागदाच्या रूपानं, जो घरात कुणालाच वाचता येत नाही. आणि कथा दिसेल ती बायकोच्या नजरेतून. नवरा धरणावर बसून आलाय, त्याच्याकडे घोषणा आहे. राबाचं शेण साठवलं तिनं, टहाळ डोक्यावरून आणले तिनं. राब पेटला नाही तर तिचे कष्ट वाया जाणार आणि पेटला तरी बहुधा वायाच जाणार. ज्याचं सर्वांत जास्त पणाला लागलंय आणि ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या बाजूला उभं राहून लिहावं.

ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ १९३१ चं. आकर्षक सुरुवात, वाढती गुंतागुंत, शेवटी कलाटणी हे तंत्र कित्येकांनी त्यांच्याकडून घेतलं. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांनी तो साचा मोडला, आणि फडक्यांना हसणं सोपं झालं. मला ते हसणं पटत नाही. वाचकाची उत्सुकता जपणं हा लिहिणाऱ्याचा धर्मच आहे. प्रश्न एवढाच की उत्सुकता कशाची? धरण झालं, गावं बुडाली, पूर्वेला वाहणारं पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात उतरलं, हे वाचकाला आधीच ठाऊक आहे. तिथे कलाटणी कसली देणार? बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’मध्ये शीर्षकच गुपित फोडतं, तरी आपण श्वास रोखून वाचतो, कारण काय लपवलंय हे कळूनही कधी उघडं पडेल हे कळत नाही. धरणाच्या कथेलाही तोच ताण हवा. काय घडणार हे माहीत असताना ती बाई काय करणार, एवढंच माहीत नसावं.

आराखडा कागदावर पक्का झाला तरी तो लिहिताना बदलू द्यावा. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून कथेच्या बारकाव्यांची चर्चा करत, पुनर्लेखन करायला लावत, ते याच विश्वासानं. माझ्या आराखड्यातही सावकाराचा दिवाणजी दुपारी येणार होता. आता वाटतं, त्यानं येऊच नये. तो आला की राग काढायला माणूस मिळतो आणि नवरा-बायकोतला पेच सैल पडतो. त्याची फक्त वाट पाहिली जावी.

म्हणून सुरुवात अशी ठरवली आहे: नवरा दारातून विस्तव मागतो. ती चुलीपाशी आहे, ऐकू आलंय, उठत नाही. का उठत नाही, हे त्याला दुसऱ्या पानावर कळेल. तिला स्वतःला बहुधा चौथ्या.