कुठेही

दिवाळीच्या आधी जुना डेस्कटॉप बंद पडला. दुरुस्तीवाल्याने आतली धूळ फुंकली, मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं, आणि बंगळूरच्या आमच्या दोन खोल्यांत एकच विषय सुरू झाला: आता काय घ्यायचं?

नवऱ्याचं आणि मुलीचं ठरलेलंच होतं. लॅपटॉप. "कुठेही बसून काम करता येईल तुला," नवरा म्हणाला. खरंच होतं ते. वीज गेली तरी लॅपटॉप चालतो. डेस्कटॉपला वेगळा यूपीएस लागतो. सांगलीला आईकडे जाताना पिशवीत टाकता येतो. शिवाय हॉलचा कोपरा मोकळा होईल, हे कुणी बोललं नाही एवढंच.

माझ्याकडेही मुद्दे होते. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. 24 इंची पडद्यावर डावीकडे मूळ पान, उजवीकडे माझं, दोन्ही नीट वाचता येतात. 14 इंचांत दाटी होते. लॅपटॉपचा पडदा कीबोर्डला जोडलेला, त्यामुळे हात सोयीचे ठेवले की मान वाकते. "मग मोठा पडदा आणि वेगळा कीबोर्ड जोड की," मुलगी म्हणाली. तेही बरोबर. मुद्द्यांवर मी हरलेच होते.

तरी अडून बसले, त्या 'कुठेही'पाशी.

मधला दीड महिना मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर मी कुठेही काम केलं होतं. जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, ओट्याशेजारी स्टुलावर. ताटं मांडायची वेळ झाली की वाक्य अर्ध्यावर टाकून उठायचं. लॅप म्हणजे मांडी, आणि हाक आली की मांडीवरचं खाली ठेवून उठायचं, हे आपल्याकडे बाईला शिकवावं लागत नाही. डेस्कटॉप असा उचलून बाजूला ठेवता येत नाही. तो जागा अडवतो. त्याच्यापुढे बसणाऱ्यालाही मग ती जागा मिळते. कोपऱ्यात माझी पाठ दिसली की घरातले आवाज खाली यायचे. तो मान माझा नव्हता, त्या टेबलाचा होता, हे टेबल रिकामं झाल्यावर कळलं.

डेस्कटॉपच घेतला. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. कन्नड असो की मराठी, 'क'ची कळ तीच. बोटं पुन्हा आपल्या जागी आली.

जानेवारीत आई न्हाणीघरात पडली. रात्रीच्या गाडीने सांगलीला गेले, ती बारा दिवस तिथेच राहिले. एक ओळही झाली नाही. प्रकाशकाकडे महिनाभराची मुदत मागितली, तेव्हा पलीकडून विचारणा झाली, "लॅपटॉप नाही का तुमच्याकडे?" नाही म्हणताना ओशाळायला झालं. आपण हट्टापायी चूक केली, असंही त्या दिवसांत अनेकदा वाटलं.

एका दुपारी आईचे पाय माझ्या मांडीवर होते. मी हळूहळू तेल चोळत होते. डोळे मिटूनच तिने विचारलं, "तुझं काम राहिलं असेल ना गं?"

"हो," मी म्हटलं, "घरी राहिलंय. टेबलावर."