रामाचं नाव न घेता

मोरोपंत पन्हाळ्याचे, जन्म १७२९चा. पण आयुष्य काढलं ते बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाला, आणि १७९४ साली गेलेही तिथंच. आमच्या सुप्याहून तासाभराची एसटी. इतक्या जवळचा कवी, पण आम्हाला शाळेत भेटला तो पाठांतरापुरता. पुढं एम.ए.लाही ‘शब्दांच्या कसरती करणारा पंडित कवी’ एवढ्या शेऱ्यावर त्याची बोळवण झालेली. मला हा शेरा कायम खटकत आला. एकशे आठ रामायणं लिहिणारा माणूस नुसत्या कसरतीसाठी एवढं आयुष्य घालवील?

कॉलेजात नोकरी लागल्यावर सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेकडे अर्ज केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तिथल्या आंतरविद्यापीठ केंद्रात कॉलेजच्या शिक्षकांना असोसिएट म्हणून बोलावतात: तीन वर्षांत तीनदा, दर खेपेस एकेक महिना. राहणं-जेवण त्यांचं, प्रवासखर्चही मिळतो. मोबदल्यात आपल्या विषयावर सगळ्यांपुढं बोलायचं. वडिलांचा पहिला प्रश्न होता, “तायडे, भाड्याचं कोण बघतंय?” प्रश्न रास्त होता. मे महिन्यात आमच्या जिरायती पट्ट्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरानं लेकीच्या कवितेच्या अभ्यासासाठी सिमल्याचं तिकीट काढायचं कुठून?

व्हाइसरॉयसाठी १८८८ साली बांधून झालेला तो दगडी वाडा. संस्था तिथं १९६५ला सुरू झाली. जिथं साहेबलोक नाचत, तिथं आता पुस्तकांची कपाटं आहेत. सकाळी वाचायला बसावं, संध्याकाळी बालूगंजपर्यंत उतरून चहा प्यावा. पेपर तपासणी नाही, प्रवेशाची कामं नाहीत, घरचं काही नाही. नोकरी लागल्यापासून सलग चार तास वाचायला मिळाले ते तिथंच.

मी बोलले ‘निरोष्ठ रामायणा’वर. मोरोपंतांचं हे रामायण ओठाला ओठ न लावता म्हणायचं. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. सीता चालेल, लंका चालेल, दशानन चालेल. राम चालणार नाही! रामकथा सांगायची आणि रामाचंच नाव घ्यायचं नाही. (‘सुपे’ नाही, ‘बारामती’ नाही, ‘मोरोपंत’ही नाही.) एवढं सांगितल्यावर सभागृहातले लोक स्वतःशीच ओठ हलवून बघायला लागले.

खरी गोष्ट घडली ती नंतर जेवणाच्या टेबलावर. संस्कृत शिकवणाऱ्या एका बाईंनी दंडीच्या ‘दशकुमारचरिता’ची आठवण करून दिली. त्यातल्या मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेनं चावलेला, म्हणून तो आपली सगळी हकिगत ओष्ठ्य अक्षरं टाळून सांगतो. त्यावर तमिळचे एक तरुण प्राध्यापक म्हणाले, आमच्याकडे सतराव्या शतकातल्या शिवप्रकाश स्वामींनी तिरुचेंदूरच्या मुरुगनवर अशीच रचना केली आहे; शिवाय यमक सांभाळून, आणि एका कडव्याचा शेवट तो पुढच्याचा आरंभ. त्यांनी ती म्हणून दाखवली. भाषा कळत नव्हती, पण मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते मिटत नव्हते.

बारामतीचा कवी त्या दुपारी मला दंडीच्या आणि तिरुचेंदूरच्या पंगतीत बसलेला दिसला. कसरत म्हणून ज्याला बाजूला सारलं, तो देशभर चालत आलेला एक काव्यधर्म होता. मोरोपंतांना तो ठाऊक होता, आम्हाला कुणी सांगितला नव्हता. हे घरी बसून एखाद्या पुस्तकात सापडलं असतं, असं मला वाटत नाही. कारण काय शोधायचं हेच माहीत नव्हतं. तीन भाषांची माणसं एका टेबलावर निवांत जेवायला बसली, म्हणून ते हाती आलं. सरकारचा पैसा लागला तो त्या निवांतपणासाठी, आणि तो सत्कारणी लागला.

मात्र असं टेबल सिमल्यालाच का असावं? बारामतीत कॉलेजं आहेत, वसतिगृहं आहेत, सुट्टीत खोल्या रिकाम्या असतात. दहाबारा तरुण शिक्षक, त्यात दोघंतिघं कन्नड-तमिळ-तेलुगूचे, पंधरा दिवसांचं जेवण आणि एसटी-रेल्वेचं भाडं. मागणी एवढीच. मी टिपण तयार केलंय. वाचायच्या यादीत पहिलं नाव मोरोपंतांचं आणि दुसरं शिवप्रकाशांचं आहे. तमिळचे ते प्राध्यापक यायला तयार आहेत.