कापड बघ, बाय

सिनेमा बघायला कोणी शिकवलं, असं मला विचारणाऱ्यांना एखाद्या फिल्म सोसायटीचं किंवा मोठ्या दिग्दर्शकाचं नाव ऐकायचं असतं. मला शिकवलं माझ्या धाकट्या मामाने. तो परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता, आणि ज्या वर्षी त्याने मला शिकवलं त्या वर्षी तो कुठेच कामाला नव्हता. ते १९८३ साल. संपाचं दुसरं वर्ष.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. दोन-तीन महिन्यांत निकाल लागेल, असं सगळे धरून चालले होते. घाटकोपरच्या पंतनगरात ही खात्री जरा जास्तच, कारण संपाचे पुढारी दत्ता सामंत यांचा दवाखाना आमच्याच वस्तीत. बाकीची मुंबई त्यांना आदराने ‘डॉक्टर’ म्हणायची. आमच्याकडची माणसं त्यांच्याकडून तापाचं औषध घेतलेली. अशा माणसाचा संप फसेल कसा? पण पहिली दिवाळी गेली, खानावळवाल्या बाईने मामाची उधारी थांबवली, त्याच्या खोलीतले बाकीचे गडी रत्नागिरीला निघून गेले. मामा गावी गेला नाही. ट्रंक आणि वळकटी घेऊन आमच्या हाउसिंग बोर्डाच्या खोलीत आला.

सकाळी तो रेशनच्या रांगेत उभा राहायचा, संध्याकाळी स्टेशनबाहेर गाववाल्याच्या वडापावच्या गाडीवर बटाटे सोलायला जायचा. मधली दुपार त्याला खायला उठायची. आई घरात वावरायची तसा तो कोपऱ्यातून कोपऱ्यात सरकायचा. मी आठवीत, सकाळची शाळा. एका दुपारी तो आईला म्हणाला, “ताई, हिला जरा फिरवून आणतो,” आणि मला थेट ओडियनला घेऊन गेला. वडापावच्या गाडीवर मिळालेले पैसे स्टॉलच्या दोन तिकिटांत गेले. आईला कळलं तेव्हा ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. तरी पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. रिकामा पुरुष भर दुपारी एकटा थेटरात बसला तर लोक बोलतात. भाचीला घेऊन गेला तर तो मामा असतो, हे मला फार पुढे उमगलं.

पहिला सिनेमा ‘हिंमतवाला’. जितेंद्र, श्रीदेवी आणि मडक्यांचे डोंगर. मी मडकी मोजत होते. मामा कानाशी येऊन म्हणाला, “कापड बघ, बाय. सगळं नायलॉन. घाम कुठे जात असेल त्या पोरीचा?” त्यानंतर कितीही प्रयत्न केला तरी मला गाणं दिसेना, घामच दिसायला लागला.

त्याची बघण्याची ही रीत होती. नट कोण, गोष्ट काय, हे दुसऱ्या नंबरावर. आधी अंगावर काय आहे ते. पॉपलिन, केंब्रिक, टेरिकॉट, मांजरपाट. शर्ट धुतलेला आहे की दुकानातून आणलेला. बाई गरीब दाखवली आहे तर पदराची किनार अजून ताठ कशी. त्याच्या हिशोबात खोटं कापड म्हणजे खोटा सिनेमा. ‘अवतार’मध्ये राजेश खन्नाचं म्हातारपण बघून आमच्या रांगेतल्या बायका हुंदके देत होत्या, तेव्हा हा गृहस्थ त्याच्या सदऱ्याची कॉलर न्याहाळत होता. मी चिडून त्याला गप्प बसवलं. तो गप्प बसला, पण कॉलर मलाही दिसली होती.

एप्रिलमध्ये ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाली आणि त्यातलं वेशभूषेचं भानु अथैय्या यांना, जॉन मोलो यांच्या जोडीने. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मूळच्या कोल्हापूरच्या, राजोपाध्ये घराण्यातल्या. मामाने वडे बांधायच्या रद्दीतून ती बातमी फाडून आणली आणि बाबांसमोर धरली. “कपड्यांना देतात बक्षीस,” हे तो असं काही म्हणाला, की जणू त्याच्याच खात्याला बोनस जाहीर झाला होता. आमची आई मात्र रोहिणी हट्टंगडींवर खूश. कस्तुरबा आपल्या पुण्याची, यापुढे तिला ऑस्करचं काही नव्हतं.

‘गांधी’ आम्ही हिंदीत पाहिला. सुटाबुटातला बॅरिस्टर पंच्यापर्यंत येतो, तो प्रवास मामाने अक्षरशः धाग्याधाग्याने पाहिला. पण परदेशी कापडाची होळी पेटली तेव्हा त्याने मान वळवली. बाहेर आल्यावर म्हणाला, “बरोबरच होतं त्यांचं. पण तेही कोणीतरी साच्यावर उभं राहूनच विणलं असेल ना.” पुढे मी कॉलेजात गांधींवर बरंच वाचलं. लँकेशायरच्या गिरणी कामगारांना ते १९३१ साली जाऊन भेटले होते आणि त्या बेकार कामगारांनी त्यांचं स्वागत केलं होतं, हे त्यात सापडलं. ते वाचताना मला मामाची वळलेली मान आठवली.

त्या वर्षाची आणखी एक गंमत आज सिनेमांची यादी बघताना लक्षात येते. हिंदी पडद्यावर एकाएकी आमच्या इमारतीतली आडनावं दिसू लागली होती. जोशी, सबनीस, वेलणकर, गोखले. सई परांजपे यांचा ‘कथा’ श. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून आलेला. चाळ अगदी खरी, चाळीतला नळ, चाळीतल्या चौकशा खऱ्या. नसीरुद्दीन शाहचा राजाराम जोशी हा भिडस्त कारकून आणि त्याच्या खोलीत पाहुणा म्हणून घुसलेला फारुख शेखचा गोडबोल्या बाशू. बाशू फुकट खातो, फुकट राहतो आणि सगळ्या चाळीला खिशात घालतो. आम्ही पोट धरून हसलो. मामाही हसला. परतताना रेल्वेच्या पुलावर मात्र म्हणाला, “तुझ्या बापाच्या घरातला बाशू मीच की.” मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर त्याने पाण्याचं पिंप भरलं, भरलेलंच होतं तरी.

‘अर्धसत्य’ला त्याने मला नेलं नाही. “मोठ्यांचा आहे,” म्हणाला. एकटाच जाऊन आला आणि रात्री गॅलरीत बसून सगळा सांगितला. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, दिलीप चित्र्यांची कविता, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, हे सगळं मला पुढे कळलं. त्या रात्री माझ्यापुढे फक्त मामा होता आणि त्याने सांगितलेला फौजदार वेलणकर. त्याच्या सांगण्यात स्मिता पाटील नव्हतीच. वेलणकरच्या बापालाच त्याने अर्धा तास दिला: घरी हात उगारणारा आणि वरिष्ठांपुढे टाचा जुळवणारा हवालदार. रामा शेट्टी झालेल्या सदाशिव अमरापूरकरांची त्याने हुबेहूब नक्कल केली. खाकी ड्रिलच्या गणवेशाला बगलेत घाम कसा चढत जातो तेही सांगितलं. आणि शेवट चारच शब्दांत: “मारतो, आणि जाऊन सांगतो.”

बरोबर वर्षापूर्वी, ऑगस्ट १९८२मध्ये, मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं होतं. वरळी-नायगावच्या पोलीस वसाहतींतून ते पेटलं, गिरणी कामगारही रस्त्यावर उतरले आणि लष्कर बोलवावं लागलं. मामा त्या दिवशी परळला होता. तिथे त्याने काय पाहिलं ते मी अनेकदा विचारलं. तो विषय बदलायचा. ‘अर्धसत्य’ मी स्वतः पाहिला तेव्हा त्याची हकिगत पडद्यापेक्षा अंगावर येणारी होती, असंच मला वाटलं, आणि हे मत मी वेलणकर झालेल्या ओम पुरींना पूर्ण मान देऊन मांडते आहे.

‘जाने भी दो यारों’ही १९८३च्याच ऑगस्टमधला. बिल्डर, आयुक्त आणि कोसळलेला पूल. आज ज्याला विचारावं तो सांगतो, आम्ही थेटरात पाहिला. एवढ्यांनी पाहिला असता तर तेव्हा पडला कशाला असता? आम्ही नाही पाहिला. पुढे दूरदर्शनवर पाहिला. व्हिडिओवर बघणं मामाला मंजूर नव्हतं. गणपतीत इमारतीने भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन सिनेमे लावले, तेव्हा हा पहिल्याच अर्ध्या तासात उठला. त्या टीव्हीवर सुती काय नि नायलॉन काय, सगळे रंग एकमेकांत उतरलेले.

दिवाळीच्या आधी तो भिवंडीला यंत्रमागावर गेला. बारा तासांची पाळी, ना फंड, ना रजा, ना युनियन. गिरण्यांचं काम तोवर तिकडेच वळलं होतं. जाताना आईच्या हातात काही नोटा ठेवू लागला, आईने घेतल्या नाहीत, दोघंही रागावले. डिसेंबरात ‘कुली’ लागला तो मी आईबाबांबरोबर पाहिला. अमिताभला लागतं तिथे पडदा थांबतो आणि त्याच क्षणी जखम झाली होती अशी पाटी येते. थेटर सुन्न. अमिताभ इस्पितळात होता तेव्हा मामाही सिद्धिविनायकाला जाऊन आला होता. नंतर म्हणायचा, “अमिताभ उठून बसला, आमचा संप काही उठला नाही.” संप मागे घेतल्याचं खरंच कोणी कधी जाहीर केलं नाही.

माझं पोट पुढे मालिकांच्या वेशभूषेवर भरलं. मढच्या बंगल्यांत आणि गोरेगावच्या फिल्मसिटीत माझी तीन दशकं गेली. नव्या सहायकांना मी आधी साड्या धुवायला लावते, मग उन्हात टाकायला, मग पुन्हा धुवायला. ड्रेसदादा वैतागतात. गरीब घरातल्या सुनेच्या पदराची किनार ताठ दिसली की मी शॉट थांबवते, आणि निर्मात्याचा माणूस घड्याळ दाखवतो. हे शिक्षण कुठल्या संस्थेत घेतलं, असं एका मुलाखतीत विचारलं तेव्हा मी ओडियन, घाटकोपर असं सांगितलं. त्यांनी ते छापलं नाही. ओडियनच्या जागी आता मॉल आहे.

या ऋणाची फेड करायला मी अधूनमधून निघते आणि मामा ती होऊ देत नाही. २०१०मध्ये गिरणी संपावरचा ‘लालबाग परळ’ आला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’वरून महेश मांजरेकरांनी केलेला. मी डोंबिवलीला जाऊन त्याला म्हटलं, चल, गाडी आणली आहे. तो म्हणाला, “ते मी बघितलंय. दुसरं काय लागलंय?” मग ‘नटरंग’ला गेलो. मध्यंतरात मी पॉपकॉर्नच्या रांगेत उभी राहिले. परत येते तर हा पुढच्या रांगेतल्या अनोळखी जोडप्याला नऊवारीच्या काष्ट्याबद्दल समजावत होता, आणि मला बघताच त्यांना म्हणाला, “ही माझी भाची. हिला विचारा, हिला जास्त कळतं.” त्या बाईंनी खरंच विचारलं. मी सांगायला लागले, तर मामाने दुसऱ्याच वाक्याला मला खोडून काढलं.