नुसती हळद



केंटकीत राहून घोड्यांपासून लांब राहायचं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्यापासून लांब राहण्यासारखं आहे. आम्ही बरीच वर्षं जमवलं. मग लेक तेरा वर्षांची झाली आणि 2017 साली बार्ली आमच्या पदरी पडला. शर्यतीतून कधीच निवृत्त झालेला, 21 वर्षांचा, वजन साधारण 500 किलो. मागच्या दोन्ही पायांच्या सांध्यांत संधिवात. सकाळी तबेल्यातून बाहेर काढला की पहिली पंधरा-वीस पावलं बघवत नसत.

डॉक्टरबाईंनी ब्यूट लिहून दिलं. ब्यूट म्हणजे फिनाइलब्युटाझोन. इथल्या घोडेवाल्यांच्या घरात ते क्रोसिनसारखं असतं. केंटकी डर्बीच्या इतिहासातही त्याचं नाव आहे: 1968 साली पहिला आलेला डान्सर्स इमेज याच औषधापायी बाद झाला. आठवडाभर रोज 2 ग्रॅम, मग 1 ग्रॅमवर या, आणि खाणं नि लीद यांवर लक्ष ठेवा, असं बाईंनी सांगितलं. दाह वाढवणारी द्रव्यं ज्या एन्झाइममुळे तयार होतात, ते हे औषध अडवतं. पण पोटाचं अस्तर राखणारी द्रव्यंही त्याच कुटुंबातली, तीही कमी होतात. जास्त दिवस जास्त डोस दिला तर पोटात व्रण, मोठ्या आतड्याला सूज, मूत्रपिंडावर ताण.

हे वाचलं आणि माझ्यातला आजीचा नातू जागा झाला. लहानपणी पाय मुरगळला की आजी आंबेहळद उगाळून गरम लेप लावायची, आणि दुसऱ्या दिवशी मी परत मैदानावर. (दहा वर्षांचा मुलगा लेपाशिवायही दुसऱ्या दिवशी मैदानावर असतो, हे तेव्हा कोण बघतंय!) इंडियन स्टोअरमधून हळदीची मोठी पिशवी आणली. खोबरेल तेल आणि मिरपूड घालून लगदा शिजवला. हळदीतलं कर्क्युमिन नुसतं खाल्लं तर अंगी फारच थोडं लागतं, म्हणून तेल आणि मिरी. शिवाय घोड्यांच्या सामानाच्या दुकानातून डेव्हिल्स क्लॉची पूड घेतली. ही दक्षिण आफ्रिकेकडच्या कालाहारी वाळवंटातली मुळी. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'नॅचरल'.

डॉक्टरबाईंना काही बोललो नाही. नुसती हळद तर आहे, त्यात काय सांगायचं!

महिन्याभरात बार्ली छान चालायला लागला. मी सौ.ला रोज हळदीचं माहात्म्य ऐकवत होतो. प्रत्यक्षात ब्यूट 2 ग्रॅमच चालू होतं. लेकीचं फिरणं सुरू झालं होतं, ते थांबायला नको, आणि जडीबुटी पोट सांभाळतेच आहे अशी माझी खात्री. तीन महिने असेच गेले.

मग एके दिवशी लेक म्हणाली, "बाबा, त्याने गाजर नाही खाल्लं." चार दिवसांनी दाणाही अर्धा उरला. लीद पातळ, मधूनच दात खाणं. घोडा ओरडत नाही हो. शिकार होणारं जनावर, दुखणं लपवण्यातच त्याचा जीव वाचतो. डॉक्टरबाईंनी आम्हाला चेहरा वाचायला शिकवलं: ताठ मागे वळलेले कान, डोळ्यावरचा ताण, आवळलेला जबडा, ताणलेल्या नाकपुड्या. अशा खुणांची मोजपट्टीच संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केली आहे. ते सगळं बार्लीच्या तोंडावर होतं आणि मी रोज बघत होतो.

रात्रभर उपाशी ठेवून तीन मीटरची दुर्बीण पोटात घातली. पडद्यावर व्रण दिसले. बाईंनी विचारलं, "अजून काय देता?" मी म्हणालो, "काही नाही." लेकीने माझ्याकडे पाहिलं. ती बादली रोज तीच भरायची. "हळद देतो, आणि एक पूड," ती म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. व्रण बहुधा ब्यूटचेच, म्हणाल्या. पण ज्याच्या पोटात व्रण त्याला डेव्हिल्स क्लॉ देऊ नये, आणि ते असल्याचं कळलं असतं तर ब्यूट किती दिवस चाललंय हे मी आधीच विचारलं असतं. त्या मुळीतलं हार्पागोसाइड आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या निषिद्ध यादीत आहे. मिरचीतलं कॅप्सेसिनही तसंच. 2008 च्या ऑलिंपिकच्या हाँगकाँगमधल्या अश्वस्पर्धांत एकाच दिवशी चार घोडे त्यापायी बाहेर झाले, आणि नॉर्वेचं सांघिक कांस्यपदक पुढे गेलं.

घरी येताना गाडीत लेक एवढंच म्हणाली, "तू मला सांगितलंस की डॉक्टरांना माहीत आहे." तसं मी म्हणालो होतो.

सगळं बंद. ओमेप्राझोलची पेस्ट 28 दिवस. पैशांचं सोडा, त्या चार आठवड्यांत बार्लीला दुखण्यावर काहीच नव्हतं. तबेल्यापासून कुंपणापर्यंत यायला त्याला किती वेळ लागायचा ते मी मोजायचं सोडून दिलं.

पोट भरून आल्यावर मी भीत भीत विचारलं, नुसती हळद देऊन बघू का? बाई म्हणाल्या, बघा, पण एका वेळी एकच गोष्ट, आणि चालण्याचा व्हिडिओ काढा. तीन आठवडे लेकीने त्याच सिमेंटच्या पट्टीवर, त्याच वेळी, त्याला चालवून चित्रण केलं. पहिला आणि शेवटचा व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. फरक शोधायला मी चष्मा पुसून बसलो होतो. नव्हता. दुसऱ्या कुठल्या घोड्याला येत असेल गुण, माझं भांडण नाही. बार्लीला नाही आला.

मग फिरोकॉक्सिब, दिवसातून एक छोटी गोळी. हे दाहाच्या एन्झाइमवर जास्त नेमकं काम करतं, पोटाला त्यामानाने कमी त्रास देतं. निर्धोक तेही नाही, म्हणून रक्त अधूनमधून तपासायचं. दहाव्या दिवशी बार्ली स्वतःहून कुंपणापाशी आला.

असो. त्यानंतर तो चार वर्षं जगला. पुढे डॉक्टरबाई बदलल्या. नव्या बाईंनी पहिल्याच भेटीत वही उघडून विचारलं, औषधं कुठली चालू आहेत? मी तोंड उघडायच्या आत लेकीने बादलीतली एकेक वस्तू मोजून सांगितली, अगदी मीठसुद्धा.