घरं बदलली तर बदलू देत

भिवंडीत वाढलेल्या माणसाला आखीव वसाहतीचं भारी अप्रूप असतं. इथे खाली यंत्रमाग, वर खोल्या, पोरांची लग्नं झाली की आणखी एक मजला. नकाशाचं मागाहून बघू. त्यामुळे सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज मला कैक वर्षं आदर्श वाटायचं, आणि तिथल्या रहिवाशांचा राग यायचा.

वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी 1983 ते 86 दरम्यान सिडकोसाठी साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची ही वसाहत रचली. सात घरं एका चौकाभोवती, असे तीन चौक मिळून आणखी मोठा चौक. भूखंड 45 ते 75 चौरस मीटरचे, म्हणजे कारकुनाला आणि साहेबाला जागा जवळपास सारखीच. पांढऱ्या भिंती, उतरती कौलं. आज त्यातली कितीतरी घरं पाडून लोकांनी काँक्रीटचे इमले चढवलेत. मी म्हणायचो, एवढं देखणं दिलं तरी यांनी शेवटी भिवंडीच केली!

मत फिरलं ते एका तपशिलामुळे. कोरियांनी शेजारच्या घरांना सामाईक भिंत ठेवलीच नव्हती. ज्याला वाढवायचंय त्याने वाढवावं, शेजाऱ्याचा अडसर नको. (आमच्याकडे एका भिंतीपायी भाऊ भावाचं तोंड बघत नाही.) घर बदलणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. इतकं बदलेल असं वाटलं नसेल कदाचित. कौलं गेल्याची हळहळ मलाही आहे. पण चौकांची मांडणी अजून ओळखू येते.

बेलापूरची आखणी चालू होती त्याच सुमारास, गिरणी संपानंतर, भिवंडीत माग आणि माणसं दोन्ही वाढत होती. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा. जेवण भिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत. त्या लोकांनी गरजेपुरतं बांधलं, यात बेशिस्त कसली? बेलापुरात चौकांनी ठरवलं तसं, कुठे बांधायचं नाही, एवढंच इथे आधी कुणी ठरवलं नाही.

आता भिवंडीभोवतालच्या गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे आहे, आणि माणकोली, पूर्णा, राहनाळच्या शेतांत गोदामं कधीच उभी राहिलीत. पूर्वी आराखड्यावर हरकत घेतली असती, तर मी इमारतींच्या उंचीवर आणि रंगरूपावर पानं भरली असती. आता एवढंच विचारेन, की गोदामांच्या मधली कुठली जागा कायमची मोकळी राहणार, आणि तिचा सातबारा कुणाच्या नावावर?